सहा तारांचा जमाखर्च



या सदरात आपण आजवर घरातले सणवार, सुनांची नोकरी, ज्येष्ठांचे आजारपण, भावाभावांतील वाटण्या अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय पाहून काहींना वाटेल की काकी भलत्याच वाटेला लागल्या. गेल्या वर्षी आमच्या घरात एक इलेक्ट्रिक गिटार तयार झाली. ती दुकानातून आणलेली नाही. नेरूळच्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या ओसरीत करवत, रंधा, पटाशी आणि कानस हाती घेऊन माझ्या पुतण्याने ती वैशाखापासून कार्तिकापर्यंत घडवली. त्या सहा-सात महिन्यांत जे प्रश्न घरात उभे राहिले, ते गिटारीपुरते उरले नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची पेढी धान्याची. मूळ गाव नगर जिल्ह्यातले. माझे सासरे, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणतो, तरुणपणी मुंबईस आले, दाणाबंदरात मुनीम म्हणून राबले आणि पुढे त्यांनी स्वतःची गादी घातली. १९९० च्या सुमारास घाऊक धान्यबाजार खाडी ओलांडून तुर्भ्याला आला, तेव्हा पेढी आली आणि पेढीमागून आम्हीही नवी मुंबईकर झालो. पुतण्या वीस वर्षांचा, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला. पदवी हाती आली की तो गादीवर बसणार, हे घरात कोणी बोलून दाखवले नव्हते. ते बोलण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. अशा घरात अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले, "मला गिटार बनवायची आहे."

भाऊजींचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, प्रश्न व्यापाऱ्याचा होता. "जी वस्तू बाजारात दहा हजारांत मिळते, तिच्यापायी सहा महिने घालवायचे, हा कुठला व्यवहार?" प्रश्न रास्तच. पण त्यामागची काळजी वेगळी होती आणि ती आम्हा सर्वांना कळत होती. मुलाचे मन गादीवरून उठेल, ही ती काळजी.

पुतण्याने उत्तरादाखल एक हकीकत सांगितली. १९६३ साली लंडनच्या फेल्थम या उपनगरात ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा राहत असे. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि ती घेण्याची घरची ऐपत नव्हती. त्याचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दोघांनी मिळून घरातच गिटार करायला घेतली. दांडीसाठी एका जुन्या शेकोटीवरच्या फळीचे, शंभर वर्षांहून जुने महोगनी लाकूड वापरले. त्यातली किडीची भोके आगकाड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनातून काढल्या. पट्टीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्या घासून घेतल्या. दोन वर्षे लागली. पुढे तो 'क्वीन' या वाद्यवृंदातून जगभर गाजला आणि तीच घरची गिटार त्याने आयुष्यभर वाजवली. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा, फारुख बलसारा.

भाऊजींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि त्या मुलाच्या शिक्षणाचे काय झाले?"

पुतण्याने लपवाछपवी केली नाही. ब्रायन मे खगोलशास्त्रात संशोधन करीत होता. संगीतासाठी त्याने ते अर्धवट सोडले आणि ज्या वडिलांनी गिटार करायला मदत केली होती, तेच फार नाराज झाले. डॉक्टरेट त्याने अखेर पूर्ण केली, पण ती २००७ साली. तोवर वडील हयात नव्हते.

यावर कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने बाबूजी म्हणाले, "लाकूड कुठले घेणार आहेस?" परवानगी मिळाली होती.

लाकूड घरातच निघाले. गावच्या जुन्या दुकानाला लोखंडी शटर नव्हते. सागाच्या उभ्या फळ्या रात्री एकामागून एक खोबणीत बसवून दुकान बंद करीत. क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर आकडा घातलेला असे. दुकान पाडले तेव्हा बाबूजींनी त्यातल्या काही फळ्या जपून आणल्या होत्या आणि त्या माळ्यावर पडून होत्या. पुतण्याने चार निवडल्या. दोन फळ्या शेजारी शेजारी, त्यांवर दोन, अशी सुमारे पावणेदोन इंच जाडीची ठोकळी झाली, की तीच गिटारीचे अंग. सतारीला नाद घुमवण्यासाठी पोकळ भोपळा लागतो. इलेक्ट्रिक गिटारीला पोकळी लागत नाही, भरीव लाकूड चालते. का, ते पुढे येईल.

पण फळ्यांवर किडीची बारीक भोके होती आणि जाऊबाईंनी तिथेच हात धरला. आत जीव असेल तर? औषध मारणे तर आपल्याला शक्यच नाही. मग त्याने फळ्या काळ्या कागदावर महिनाभर ठेवल्या. कीड जिवंत असेल तर भोकांतून ताजा, पिठासारखा भुसा पडतो आणि काळ्या कागदावर तो लगेच दिसतो. महिनाभरात एक कणही पडला नाही. भोके रिकामी होती, किती तरी वर्षांपूर्वीची. जयणा म्हणतात ती हीच, असे जाऊबाई म्हणाल्या आणि मगच करवत चालली.

फळ्या जोडायला फेविकॉल आणले, तेव्हा बाबूजींनी नाकाला रुमाल लावण्याचा अभिनय केला. त्यांच्या लहानपणी सुतार सरस वापरीत. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला तो सरस दर वेळी विस्तवावर पातळ करावा लागे आणि त्याचा उग्र दर्प आळीभर पसरे. बाजारात हे चित्र बदलले ते १९५९ नंतर, बळवंतराय पारेख यांनी फेविकॉल आणल्यावर. मूळ महुव्याचे हे गृहस्थ. वकिलीचे शिक्षण घेऊनही त्यांनी वकिली केली नाही, एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपायाची नोकरी केली आणि सुतारांची अडचण जवळून पाहिली. परदेशात जुन्या पद्धतीची व्हायोलिन घडवणारे अजूनही सरसच पसंत करतात, कारण उष्णतेने तो सुटतो आणि वाद्य उघडून दुरुस्त करता येते. आपल्या घरातली टेबले, कपाटे, पलंग कशाने जोडले आहेत, हा प्रश्न मात्र मी आयुष्यात प्रथमच त्या दिवशी ऐकला.

पुढचे काम पट्टीचे. शिसवाच्या पट्टीवर धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट, बसवायचे. आपल्याकडचे शिसव या कामासाठी जगभर नावाजलेले. पण त्याची झाडे इतकी घटली की २०१७ पासून या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले. पडद्यांची तार जर्मन सिल्व्हरची. ज्यांचा भांड्यांचा व्यापार आहे त्यांना ठाऊक असेलच, तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. नावात चांदी आहे, अंगात नाही.

हे पडदे सारख्या अंतरावर नसतात, वर जावे तसे जवळ जवळ येतात. नेमके किती जवळ, यावर वाद्याचा सारा सूर अवलंबून. पुतण्याने पहिल्या खेपेला पट्टी वाया घालवली. एक पडदा आखला की त्याच्यापासून दुसऱ्याचे अंतर मोजायचे, दुसऱ्यापासून तिसऱ्याचे, असे त्याने केले. दर वेळी केसभर चूक. बाराव्या पडद्याला पोहोचेपर्यंत ती तीन मिलिमीटर झाली. बाबूजींनी पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "रोजमेळात एका दिवसाची शिल्लक चुकली की पुढचे प्रत्येक पान चुकते. प्रत्येक पडदा पहिल्या टोकापासूनच मोज." मुनीमगिरीतले हे शहाणपण गिटार करणाऱ्यांच्या जगातही पहिला धडा म्हणून शिकवतात, हे पुतण्याला नंतर कळले.

मग त्याने आजोबांना गणित सांगितले आणि मला वाटते, बाबूजींचे मन खऱ्या अर्थाने त्या दिवशी या कामात शिरले. तारेची कंपने एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर गेली की शेकडा ५.९५ इतकी वाढतात. पुढच्या पडद्यावर वाढलेल्या आकड्यावर पुन्हा शेकडा ५.९५. जी तार मोकळी असता सेकंदाला ११० कंपने देते, ती पहिल्या पडद्यावर ११६.५ देते, दुसऱ्यावर १२३.५, आणि बाराव्या पडद्यावर बरोबर २२०.

"म्हणजे चक्रवाढ व्याज!" बाबूजी म्हणाले. "पावणेसहा-सहा टक्क्यांनी बारा वर्षांत दामदुप्पट." बहात्तरला व्याजाच्या दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते निघते, हा आडाखा त्यांच्या तोंडी होता, बहात्तर भागिले सहा, बारा. सा पासून वरच्या सा पर्यंत बारा स्वरांचा प्रवास म्हणजे मुद्दल दुप्पट होण्याचा प्रवास, हे नव्वदीतल्या एका मुनिमाला गिटारीने शिकवले. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा टोकापासून ३६.४ मिलिमीटरवर, दुसरा त्यापुढे ३४.३ वर, तिसरा त्यापुढे ३२.४ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. हे सगळे आकडे त्यांनी स्वतः पडताळून, टोकापासून मांडून, एका जुन्या वहीत उतरवून दिले. दुसरी पट्टी चुकली नाही.

पावसाळ्यात काम थांबले. नवी मुंबईच्या आषाढ-श्रावणातली हवा आपण जाणतोच. मीठ पाझरते, दारे फुगून बसतात. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि धाग्यांच्या आडव्या दिशेने फुगते. अशा दिवसांत जोडलेली दांडी कोरड्या हवेत आली की वाकू शकते. त्यात सहा तारा ताणल्या की दांडीवर साधारण ४५ किलोंचा ओढा बसतो, जवळजवळ गव्हाच्या पोत्याइतका. म्हणून आत पोलादी सळईही घालावी लागते. पुतण्याने दांडी आणि पट्टी घरातल्या कोरड्या खोलीत उभी करून ठेवली आणि वाट पाहिली. पर्युषणाच्या आठ दिवसांत तर ओसरीला कुलूपच होते.

पर्युषण संपले आणि एके संध्याकाळी खरा प्रसंग उभा राहिला. पुतण्याने मागवलेल्या सुट्या भागांच्या पुडक्यातून एक लहानशी पांढरी पट्टी निघाली. तंबोऱ्यात जिला अटी म्हणतात, ज्यावरून तारा खुंट्यांकडे जातात, तीच ही. त्याने ती दांडीच्या टोकाला नीट बसवली, खाचा कोरल्या, काम सुरेख झाले. बाबूजींनी बोट ठेवून विचारले, "हे पांढरे काय आहे?"

पुडक्यावर लिहिले होते ते त्याने वाचले आणि तो गप्प झाला. ती हाडाची होती. गिटारीची अटी चांगली हवी असेल तर हाडाची घ्यावी, असाच जगभरचा रिवाज आहे. पट्टीवर ठिपके घालायला त्याने शिंपल्याच्या चकत्याही आणल्या होत्या, ब्रायन मेच्या आईच्या गुंड्यांची आठवण म्हणून. आणि वरून पॉलिश करायला चपडा लाख भिजत घातली होती; लाख म्हणजे झाडांवरच्या लक्षावधी कीटकांचे स्रवण, आणि ती खरवडून काढताना ते कीटकही जातात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची नावे आपण प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे म्हणतो. दंतवाणिज्यात हस्तिदंताबरोबर हाडे, शिंगे, शिंपलेही येतात. ती नावे अशी एका गिटारीवर येऊन बसतील, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

भाऊजींना मुलाची कीव आली. ते म्हणाले, "आता बसवली आहे तर राहू दे. एवढीशी तर पट्टी. कोणाला दिसणार आहे?"

बाबूजींचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला पोत्याचा तळ दिसत नाही. म्हणून तळाशी काहीही भरायचे का?"

भाऊजींना ते लागले. आयुष्यभर या पेढीचे नाव एकाच गोष्टीवर चालले, की वरचा दाणा आणि तळचा दाणा एकच. पुतण्याने त्या रात्री अटी उखडली. उखडताना दांडीच्या टोकाचा एक कपचा निघाला. तो सागाचा भुसा आणि फेविकॉल यांनी भरला. त्याची खूण आजही दिसते.

नवी अटी पितळेची झाली, ठिपके पितळी सळईच्या चकत्यांचे. पितळ कठीण, खाचा कोरायला दुप्पट वेळ, पण नाद स्वच्छ येतो. लाखेच्या जागी अळशीचे तेल आले. धान्याच्या घरात अळशीची काय वाण! पातळ हात फिरवायचा, पुसून घ्यायचे, दोन-तीन दिवस वाळू द्यायचे, पुन्हा हात. असे आठ थर. ज्यांच्या घरी कोणी हे करील त्यांना एक सूचना. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात ठेवू नये. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

आणि तारा? पूर्वीच्या गिटारीला मेंढीच्या आतड्याच्या तारा असत. इलेक्ट्रिक गिटारीला त्या चालतच नाहीत. पोलादी तारेखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि गुंडाळीत विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो. १८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखवलेले हेच तत्त्व आपल्या विजेच्या जनित्रांत आहे. आवाज मोठा करण्याचे काम वीज करते, म्हणून पोकळ पेटी लागत नाही. आणि लोह असेल तीच तार चुंबकाला कळते, म्हणून आतडे निकामी. या एका बाबतीत विज्ञानाने आपली अडचण आधीच सोडवून ठेवली होती.

नवरात्रानंतर आम्ही कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनास गेलो, तेव्हा वाट थोडी वाकडी करून मिरजेला उतरलो. महाराष्ट्रात वाद्य हाताने घडवण्याची विद्या कुठे नांदते, असे विचारले तर उत्तर मिरज हेच. तिथल्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेबांनी तंबोरा आणि सतार करायला घेतली आणि तो व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, वर्षानुवर्षे मुरवलेले लाकूड आणि घराच्या पुढच्या खोलीतला कारखाना; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्र घडवणारे हात सूर घडवू लागले, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून सांगण्याजोगी आहे.

एका वृद्ध कारागिराने पुतण्याची दांडी डोळ्यासमोर धरून तिची सरळ रेघ पाहिली आणि मान डोलावली. मी संकोचत विचारले, घोडी कशाची करता? ते मोकळेपणाने म्हणाले, पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग होते, मग उंटाचे हाड आले. कोणी सांगितले तर आबनुसाची किंवा कृत्रिम पदार्थाची करून देतो. "पण ताई, विचारते कोण?" एवढेच म्हणून ते पुन्हा जवारी घासू लागले.

राहिली तांब्याची गुंडाळी. लोहार चाळीतून केसाएवढी बारीक तांब्याची तार आली, लॅमिंग्टन रोडवरून आवाजाची बटणे आणि कपॅसिटर. आठ हजार वेढे द्यायचे, मोजायचे कसे? त्यावर हौशी मंडळींनी काढलेली एक युक्ती आहे. साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला चुंबकाने मिटणारा स्विच जोडायचा; चाकाचा एक फेरा झाला की आकडा एकाने वाढतो. पेढीवरचा जुना कॅल्क्युलेटर त्यासाठी कोणी दिला असेल? भाऊजींनी. पहिल्या दिवशी तार तीन हजारांवर तुटली, दुसऱ्या दिवशी पाच हजारांवर. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा ओसरीत दिवा होता. मुलगा हँडल फिरवत होता आणि भाऊजी दोन बोटांत तार धरून तिला अलगद वाट देत होते. दोघांची नजर आकड्यावर. मी पाणी न पिताच परत फिरले.

दिवाळीत वहीपूजन झाले आणि ज्ञानपंचमीला गिटार वाजली. आधी नुसतीच भुणभुण आली, कारण घोडीला जोडायची एक तार राहून गेली होती. ती जोडल्यावर सूर उमटला, निर्मळ आणि लांबवर टिकणारा. बाबूजींनी लाकडावर तळहात ठेवून तो ऐकला. मग म्हणाले, "सूर ठीक आहे. आवाज कमी कर." गिटारीच्या पाठीवर जुन्या दुकानाच्या फळीचा आकडा पुतण्याने मुद्दाम राखला आहे, सात.

त्या दिवशी त्याने आजोबांसमोर हिशेब ठेवला. मजुरी न धरता अकरा हजार चारशे रुपये. "दहाची वस्तू अकराला पडली," भाऊजी म्हणाले, पण हसत म्हणाले. हिशेबाखाली आणखी एक यादी होती. गिटारीत काय काय आहे, ते सर्व त्यात होते: साग, शिसव, पोलाद, तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर, अळशीचे तेल, फेविकॉल. प्रत्येकापुढे ते कुठून आले तेही. जो वस्तू विकत घेतो त्याला तिची किंमत ठाऊक असते. जो ती घडवतो त्याला तिच्यात काय आहे ते ठाऊक असते. भगवान ऋषभदेवांनी माणसाला जी सहा कर्मे शिकवली असे आपण मानतो, त्यांत वाणिज्याच्या शेजारीच शिल्प आहे. आपण व्यापारी कुटुंबांनी पहिले सांभाळले आणि दुसरे इतरांच्या हाती सोपवले. त्यात काही गैर नाही. पण दुसऱ्याला विचारण्याची सवयही त्याबरोबर सुटली.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण हिशेब पुरा मांडायचा तर शेवटची नोंदही आली पाहिजे.

पुतण्या आता सकाळी पेढीवर जातो. तो गादीवर कायमचा बसेल की नाही, हे आम्हाला माहीत नाही. भाऊजींनी विचारणे सोडले आहे. मार्गशीर्षात एके दिवशी तूरडाळीचा नमुना आला, सुरेख चकचकीत. त्याने तो तळहातावर घेतला आणि दलालाला विचारले, "ही डाळ कशाने घासली आहे?" डाळीला चकाकी आणण्यासाठी कुठे तेल-पाणी वापरतात, कुठे रबराचे रोलर, कुठे नायलॉनचे ब्रश आणि कुठे चामड्याचे पट्टे, हे बाजारात सर्वांना ऐकून ठाऊक असते. विचारत कोणी नाही. दलालाला सांगता आले नाही. भाऊजींनी गिरणीला फोन केला. उत्तर यायला दोन दिवस लागले आणि ते आम्हाला नको होते तेच होते.

त्या गिरणीशी आमचा वीस वर्षांचा व्यवहार आहे. माणसे सचोटीची आहेत, माल चोख आहे, उधारीची अडचण त्यांनी अनेकदा सांभाळून घेतली आहे. पट्टे बदला असे सांगायचे, की बिनपॉलिशची डाळ मागायची आणि ती विकली जात नाही म्हणून होणारे नुकसान सोसायचे, की व्यवहारच थांबवायचा, यावर आमच्या घरात रोज रात्री चर्चा चालते. अजून निर्णय झालेला नाही. झाला की याच सदरात सांगेन.

तोवर एक विनंती. आज जेवताना ताटातल्या एखाद्या पदार्थावर, किंवा घरातल्या एखाद्या वस्तूवर, आमच्या बाबूजींसारखे बोट ठेवा आणि विचारा, "हे काय आहे?" उत्तर कळवा. पुढील अंकी भेटूच. जय जिनेंद्र.